चौथ्या मजल्यावर कुणीतरी आजारी आहे

“ताई, उद्यासाठी तिथे जरा घाण करून ठेवता येईल का?” त्यानं विचारलं, आणि मी सवयीनं “हो सर” म्हणून मोकळी झाले. ह्या इमारतीत मी सफाईची सुपरवायझर आहे. दिवसभर मला जे सांगितलं जातं ते सगळं ह्याच्या उलट असतं. इथे डाग आहे, तिथे वास येतोय, आरशावर बोटं उठलीत. त्या सगळ्याला माझं एकच उत्तर ठरलेलं, तेच तोंडातून गेलं. मग तो काय बोलला ते डोक्यात शिरलं आणि मी उगाच चाव्यांची जुडी ह्या हातातून त्या हातात घेतली. तो मोठ्या साहेबांचा सहायक. आम्ही सफाईवाले त्याला आपसात मलम म्हणतो, कारण तो काहीही बोलला तरी चोळल्यासारखं बोलतो, गार, गुळगुळीत, आणि नंतर बराच वेळ ते अंगाला चिकटून राहतं. “कसली घाण, सर?” मी विचारलं. तो हसला. “ते मी काय सांगू? त्यातल्या तज्ज्ञ तुम्ही. फक्त खरी नको. दिसायला खरी हवी, वास नको, आणि ब्रश फिरवला की निघायला हवी.” एवढं बोलून त्यानं माझ्या खांद्याजवळ हात आणला, पण टेकवला नाही. तो कधीच टेकवत नाही.

आमच्याकडे वर्षातून एकदा सेवा दिन असतो, तो दुसऱ्या दिवशी होता. त्या दिवशी अधिकारी लोक आमची कामं करतात. कुणी पहारेकऱ्याची टोपी घालून फाटकावर उभा राहतो आणि येईल त्याला सलाम ठोकत हसत सुटतो, कुणी चहाचा ट्रे फिरवतो आणि निम्मा चहा बशीत सांडतो, आणि मोठे साहेब स्वतः चौथ्या मजल्यावरचा संडास धुतात. मग सगळे खालच्या सभागृहात जमतात, आणि आपण छोट्या माणसाकडून आयुष्याचा कोणता धडा शिकलो ते एकेक जण उभा राहून सांगतो. छोटा माणूस म्हणजे आम्ही. आम्ही मागच्या भिंतीला टेकून ऐकत असतो. एका बाईंनी एकदा सांगितलं की त्या लिफ्टवाल्याकडून संयम शिकल्या, तो दिवसभर स्टूल असूनही उभा असतो. लिफ्टवाला माझ्या शेजारीच होता. “मूळव्याध आहे म्हणून उभा असतो,” तो कुजबुजला, “संयम कसला डोंबलाचा.” मी हसू दाबलं, पण मला हसण्याहून जास्त किळस आली होती. त्या बाईंची नव्हे, त्यांच्या डोळ्यांत जे पाणी आलं होतं त्याची. ते खोटं असतं तर मी सोडून दिलं असतं.

घाणीचा प्रश्न मात्र खरा होता, हे मलाही कबूल करावं लागेल. गेल्या वर्षी त्या मजल्याची सफाई करणाऱ्या काकींनी संडास इतका लख्ख करून ठेवला होता की फोटोत साहेब दुकानात भांडं निवडायला आल्यासारखे दिसत होते. त्याच्या आदल्या वर्षी उलट झालं होतं. कुणीतरी सकाळी सकाळी खरंच करून ठेवलं होतं, पाणीसुद्धा न ओतता. साहेबांनी दार उघडलं, आणि रुमालात तोंड घालून जिन्यापर्यंत पळाले, ते सगळं कॅमेऱ्यात आलं. तेव्हा मलमनं ह्या वर्षी मधला रस्ता काढला होता. “आणि काकींना ह्यातलं काही सांगू नका,” तो म्हणाला. “साहेबांच्या बाजूला त्याच उभ्या राहणार. त्यांच्या चेहऱ्यावर खरं आश्चर्य दिसलं पाहिजे.” मी जुडीतल्या चाव्या मोजायला लागले तसा तो आणखी मऊ झाला. “नवा ठेकेदार साठीच्या पुढचं माणूस घेत नाही, ताई, तुम्हाला माहीत आहे. पण साहेबांनी एक शब्द टाकला की झालं. आता शब्द टाकायचा म्हणजे माणसाचं मन भरून यायला हवं. उद्या ते आलं पाहिजे, बस.” मन भरून येणं हे त्यानं असं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर नळाखाली लावलेली बादली आली.

काकींची नोकरी जाणार म्हणजे खोलीही जाणार. इमारतीच्या मागे, पाण्याच्या पंपाला लागून कामगारांच्या खोल्या आहेत, त्यातली कोपऱ्यातली त्यांची. एक खाट, एक शेगडी आणि एक खिडकी, जिच्यातून समोरची भिंत सोडून काही दिसत नाही. पंप सुरू झाला की खाटेवर ठेवलेला पेला सरकत सरकत काठाला येतो. मुलगा दुसऱ्या गावी आहे, चांगला आहे, दर फोनला या म्हणतो, सून पण म्हणते. काकी जात नाहीत. “तिथे मला सगळं मिळेल गं,” त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, “जेवण मिळेल, पांघरूण मिळेल. पण सकाळी उठून मी कुठे जाऊ? बसून बसून लोक मरतात, पोरी.” ह्या बाईनं मला काम शिकवलं. मी नवी होते तेव्हा संडासाच्या दारात उभी राहून ओढणी नाकाला लावली होती, तर त्यांनी माझा हात धरून खाली केला. आत कुणी नव्हतंच. तरी म्हणाल्या, “नाक झाकू नकोस. ज्यानं केलं तो बाहेर उभा असतो, त्याला कळतं.” मला तेव्हा वाटलं, म्हातारीला जरा वेड आहे. ज्यानं केलं तो कुठला उभा असतो बाहेर? तो तर केव्हाच टाय नीट करून आपल्या खुर्चीत जाऊन बसलेला असतो.

लिफ्टमध्ये काकींच्या हाताचा फोटो लावला आहे. नुसता हात, मनगटापर्यंत, पोछा पिळताना, आणि खाली सेवेबद्दल दोन ओळी. फोटो काढायला आलेल्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, चेहरा नको, हात जास्त बोलतो. काकी रोज त्या फोटोसमोर उभ्या राहून वर-खाली जातात, आणि त्यांनी तो हात अजून ओळखलेला नाही. एकदा मला म्हणाल्या, “हिच्या बोटांत चिखल्या झाल्यात बघ, तेल लावत नाही ही बाई.” मला ह्या इमारतीत येऊन बरीच वर्षं झाली, माणसाच्या पोटातून जे जे बाहेर येतं ते सगळं मी पाहिलंय, हातानं उचललंय, आणि त्या सगळ्याशी माझं बरं जमतं. ते बिचारं एकदा बाहेर आलं की काही बोलत नाही. पाणी ओतलं की जातं, नाही गेलं तर घासलं की जातं. पण त्या फोटोखालच्या दोन ओळी वाचल्या की माझ्या जिभेच्या मुळाशी काहीतरी खारट जमतं, आणि ते गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही, कारण लिफ्ट मीच पुसून घेतलेली असते.

घरी येताना मी रस्ताभर घाणीचा विचार करत होते, म्हणजे चांगल्या अर्थानं, कामाचा. माती घेतली असती तर पाण्यात बसली असती, मळीला वास आला असता. मग घरी फडताळात बिस्किटांची पिशवी दिसली. नवरा बेकरीत भट्टीवर काम करतो. तिथे जी बिस्किटं तुटतात ती विकता येत नाहीत, ती तो घरी घेऊन येतो. टाकणं त्याला जमत नाही. कुणी त्याच्यासमोर पावाचा तुकडा टाकला तर तो बोलत नाही, नुसता त्या तुकड्याकडे बघत राहतो, आणि टाकणाऱ्यालाच कसंतरी होतं. मी पिशवी काढली, बिस्किटं कुस्करली, पाणी घातलं, चॉकलेटची पावडर घातली, आणि ते मंद आचेवर ढवळत बसले. रंग येईना. आणखी पावडर घातली, थोडं तेल सोडलं. मी वाकून अगदी जवळून बघत होते, की हे पुरेसं तसलं दिसतं का, कडेला कसं चिकटेल, मधे थोडे तुकडे राहू द्यावेत का. आणि हे सगळं मला छान जमत होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नजरेचा आज पहिल्यांदा असा उपयोग होत होता. घरभर भाजलेल्या लोण्याचा गोड वास सुटला होता आणि त्या वासाखाली मी एक संडास रांधत होते.

नवरा हात धुऊन आला आणि मागून वाकून त्यानं पातेल्यात बोट घातलं. मी “अहो!” म्हणून ओरडेपर्यंत बोट तोंडात गेलं होतं. “काय झालं ओरडायला? गरम नाहीये,” तो म्हणाला. मग तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून, भट्टीवर करतो तसा डोळा बारीक करून म्हणाला, “चांगलं झालंय. साखर कमी आहे. कुणासाठी?” “ऑफिसात हवंय. साहेबांसाठी.” “साहेबांसाठी? मग साखर घालच.” आणि त्यानं स्वतः डबा काढून दोन चमचे साखर घातली, ढवळली, वर पुन्हा चाटून पाहिलं. मी ते पत्र्याच्या डब्यात ओतलं तेव्हा तळाशी जे राहिलं ते त्यानं पावाच्या तुकड्यानं पुसून पुसून खाल्लं. मी समोर बसून बघत होते. त्याच्या ओठाच्या कडेला थोडं लागलं होतं, आणि मला दिसत होतं ते तेच होतं, दुसरं काही नव्हतंच. मी उठून खिडकीशी गेले. त्याला खरं सांगितलं असतं तर तो चिडला नसता. त्यानं फक्त आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं असतं. “जेवत नाहीस?” त्यानं विचारलं. “भूक नाही,” मी म्हटलं. “काकींना फोन करून उद्या नऊला या म्हणून सांगितलंय, मला लवकर जायचंय.” ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध ते त्यानं विचारलं नाही. तो विचारत नाही, हा त्याचा चांगुलपणा आहे, आणि त्या संध्याकाळी मला त्याच्या चांगुलपणाचीसुद्धा शिसारी आली.

सकाळी फाटक उघडल्या उघडल्या मी आत शिरले. डबा पिशवीत, पिशवी छातीशी. चौथा मजला रिकामा होता, खुर्च्या टेबलांत सरकवलेल्या, फरशीवर खिडक्यांचे चौकोन पडलेले. मला ही वेळ आवडते, ह्या वेळी इमारत कुणाची नसते. मी संडासाचं दार उघडलं. आत सगळं पांढरं, स्वच्छ, कोरडं, काकींनी काल संध्याकाळी जसं सोडलं होतं तसं. मी डब्याचं झाकण काढलं आणि ओतायला लागले आणि निम्म्यावर माझा हात थांबला. पुढे जाईना. तेवढं पुरे होतं, खरं तर फार छान दिसत होतं. एक ओघळ कडेवरून खाली आला होता, तो मी ठरवूनही आणू शकले नसते. दारावर ‘बंद’ची पाटी अडकवली, डबा बादल्यांच्या कपाटात मागे सारला, आणि तळघरात गेले, साहेबांसाठी मागवलेले कोपरापर्यंतचे हातमोजे, ॲप्रन आणि नवा ब्रश आणायला. ब्रशचा कागद काढायचा की साहेबांच्या हातून काढू द्यायचा ह्याचा विचार करत मी परत वर आले, तर जिन्यातच फिनेलचा वास आला.

काकी बादली पालथी घालून ठेवत होत्या. बाह्या वर, कपाळावर घाम, आणि संडास काल होता त्याहून पांढरा. “आलीस? बरं झालं,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या आणि माझ्या मागे कुणी नाही ना ते पाहिलं. “अगं, ह्या मजल्यावर कुणीतरी फार आजारी आहे.” मी हातातले मोजे खाली ठेवले. “रंग बघून मीच घाबरले. आणि बिचाऱ्याला इतकी घाई झाली असणार की पाणीसुद्धा ओतलं नाही. वर स्वतःच पाटी लावून पळाला. साहेब येणार, सगळे येणार, त्यात कुणाला कळलं तर काय तोंड दाखवायचं, असं झालं असेल त्याला.” “काकी, मी तुम्हाला नऊला या म्हटलं होतं ना?” “साहेब यायचे आणि मी नऊला येऊ? बरं दिसतं का ते? म्हटलं जरा आधी येऊन हात फिरवावा.” मग त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि विचारलं, “रात्रपाळीला होतं का गं कुणी ह्या मजल्यावर? विचारायला हवं. असं अंगावर काढलं की पोटातलं सगळं पाणी जातं माणसाच्या.”

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. काकी, बिस्किटं आहेत ती, आणि हे सगळं तुमच्या खोलीसाठी आहे. दोन वाक्यं होती. पण त्या इतक्या काळजीनं बघत होत्या, जणू कुणीतरी आताच त्यांच्यासमोर पोट धरून बसलंय. त्या माणसाला मी त्यांच्याकडून कसं काढून घेऊ? असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण इतकं नाजूक नव्हतं. खरं कारण हे, की माझी मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी मूग गिळून गप्प बसते. एवढ्यात मलम आला. पांढरा शर्ट, छातीवर सेवा दिनाचा बिल्ला. त्यानं दार ढकलून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाला, “हे काय?” काकींना वाटलं कौतुक आहे. “साहेब येणार म्हणून दोनदा घासलंय,” त्या म्हणाल्या. “वा,” मलम म्हणाला. “काकी, तुमच्यासाठी खाली नवा गणवेश ठेवलाय, तो घालून या बरं पटकन. सावकाश जा, जिना ओला आहे.” त्या वळल्या तसा तो माझ्याकडे सरकला. “साहेब लिफ्टपाशी आहेत. अजून आहे ना?”

होतं. मी कपाटातून डबा काढला. मलमनं माझ्यासाठी दार धरलं, तोंड पलीकडे फिरवलं आणि नाकाला रुमाल लावला. डब्यात बिस्किटं आहेत हे त्याला मी आदल्या रात्रीच फोनवर सांगितलं होतं, गार झालेल्या डब्याला फार तर लोण्याचा पुसट वास होता, तरी त्यानं नाक झाकलं. मी उरलेलं सगळं ओतलं, बोटांनी निपटून काढलं, कारण रात्रीतून ते घट्ट झालं होतं. आणि ते माझ्या बोटांना लागलं तेव्हा, इतक्या वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. माझ्या पोटातून एक मोठा उमासा वर आला आणि मी भिंत धरून ओकारी काढली. पोटात काही नव्हतंच, नुसता आवाज आला, मोठा, जनावरासारखा. मी आदल्या संध्याकाळपासून जेवले नव्हते. मलम दारातून म्हणाला, “छान, पण जरा लवकर.” त्याला बहुतेक वाटलं की हा पण तयारीचा भाग आहे.

साहेब आले. कॅमेरावाला आधी, मागे दोन अधिकारी, मग साहेब, आणि नवा कडक गणवेश घातलेल्या काकी त्यांच्या शेजारी. गणवेशाच्या कॉलरला दुकानाचा कागद तसाच होता. दार उघडलं. काकींनी आत पाहिलं आणि त्यांच्या तोंडून “अगंबाई, पुन्हा?” असं निघालं. मलमचा चेहरा उजळला, कारण ह्याहून खरं आश्चर्य त्याला कुठल्याच पैशांत मिळालं नसतं. साहेबांनी मास्क लावला, हातमोजे चढवले, गुडघ्यावर बसले, आणि घासायला लागले. ते वाईट घासत नव्हते, हे सांगायला हवं. मन लावून घासत होते. पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते, मी काकींच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो ब्रशकडे जात होता. साहेबांचा ब्रश कडेपासून चुकला की तो हात जरा पुढे जाई, आणि दर वेळी मलम कोपराला हलकेच धरून मागे घेई. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा आमच्यापैकी कुणाला तरी हात लावलेला मी पाहिला. मध्येच साहेब थांबले, मास्क खाली केला, श्वास घेतला. “आश्चर्य आहे,” ते म्हणाले, “मला वास येत नाहीये. मनापासून काम केलं की वास येत नाही, असंच असणार.” त्यांचे डोळे भरले होते. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांवर गेला. मला त्या माणसाला मनातल्या मनात शिवी द्यायची होती पण जमेना, कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वास आला नव्हता.

सभागृहात आम्ही नेहमीसारखे मागच्या भिंतीशी. काकींना मात्र पुढे खुर्ची होती. जायच्या आधी मी त्यांना गाठून सांगून ठेवलं होतं, “काकी, दोन शब्द बोला म्हणतील. फक्त एवढंच म्हणा, साहेब, मला अजून काम करायचंय. बाकी काही बोलू नका.” त्यांनी मान हलवली होती. साहेबांचं भाषण झालं. वासाचा धडा त्यांनी सांगितला, तो ऐकून पुढची रांग मान हलवत राहिली. मग माईक काकींच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, बादली धरतात तसा. मी ओठांनीच म्हणत होते, साहेब मला, साहेब मला. काकी म्हणाल्या, “साहेबांनी छान केलं. मला एकच सांगायचंय.” थांबल्या. “आपल्या चौथ्या मजल्यावर कुणीतरी आजारी आहे. सकाळपासून दोनदा झालंय. मी दोन्ही वेळा पाहिलंय. ज्याला होतंय त्यानं लाजू नये. इथे कुणी हसणार नाही. पाणी पीत राहा, नुसतं पाणी नको, आणि आजच्या आज दाखवून घ्या. झालं एवढंच.” आणि माईक परत दिला. आधी मधल्या रांगेतून कुणीतरी फसकन हसलं, मग सगळं सभागृह हसलं. काकी वळून वळून बघत राहिल्या, कोण हसतंय म्हणून नव्हे. एकेक चेहरा शोधत होत्या, कोणाचा रंग उतरलाय, असं मला वाटलं. आपली खोली, आपलं काम, आपलं सकाळी उठून कुठेतरी जाणं, ह्यासाठी त्यांना एकदाच माईक मिळाला होता, आणि तो त्यांनी दोन वाट्या बिस्किटांच्या लगद्यावर खर्च केला होता.

मलमचा चेहरा पांढरा पडला होता. तो साहेबांकडे धावला, पण साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं आणि माईक घेतला. “हसू नका,” ते म्हणाले, आणि सभागृह गप्प झालं. “मी घाण पाहिली. ह्यांनी माणूस पाहिला. आज मी जे शिकलो ते मला कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नसतं.” त्यांचा आवाज फाटला. टाळ्या सुरू झाल्या, लोक उभे राहिले, आणि त्या टाळ्यांत साहेबांनी शब्द टाकला, काकी इथेच राहतील, हात चालतात तोवर. लिफ्टवाला माझ्या शेजारी खरंच रडत होता. मी टाळ्या वाजवत होते. हे मला हवं होतं, ह्याच्यासाठीच तर मी केलं होतं, आणि ते झालं होतं. पण माझ्या बोटांना अजून तो गोड वास होता, आणि प्रत्येक टाळीला तो नाकाशी येत होता. बाहेर पडताना मलम भेटला. त्याचा चेहरा पुन्हा गुळगुळीत झाला होता. “ताई, कमाल झाली. पुढच्या वर्षी हेच ठेवू. दोन मजल्यांवर करू. साखर जरा कमी घाला फक्त, मुंग्या लागल्यात तिथे.” मी “हो सर” म्हटलं.

त्यानंतर मला आठवतं ते एवढंच, की कुणीतरी माझं मनगट धरलं आणि मला मागच्या दारानं बाहेर काढलं. काकी होत्या. गणवेशाच्या कॉलरला अजून तो कागद. त्यांनी मला आपल्या खोलीत आणलं, खाटेवर बसवलं, उकळून गार केलेल्या पाण्याचं पातेलं घेतलं, त्यात साखर आणि मीठ टाकून ढवळलं, आणि पेला माझ्यासमोर धरला. “पी.” “काकी, मला काही झालेलं नाही.” “पी म्हणते ना.” “खरंच काही नाही हो.” त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. “मी खाली गेलेच नव्हते लगेच. जिन्यात होते. तू आत कसली ओकत होतीस ते ऐकलंय मी,” त्या म्हणाल्या. “आणि पुन्हा वर आले तर तसंच पडलेलं. तुझं तोंड बघ, कागद झालाय नुसता. सकाळी तूच आली होतीस ना लवकर? पाटी तूच लावलीस ना?” त्यांना सगळं कळलं होतं, सगळं बरोबर जुळवलं होतं त्यांनी, फक्त एक गोष्ट सोडून, आणि ती गोष्ट त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. “तिथे एवढ्या लोकांत नाव घेतलं का मी तुझं?” त्या म्हणाल्या. “नाही ना घेतलं? मग माझ्यापाशी कशाला लाजतेस?”

सांगितलं असतं तर काय झालं असतं हे मला नीट दिसत होतं. त्या रागावल्या नसत्या. त्या खाटेखालची पेटी ओढून कपडे भरायला लागल्या असत्या, आणि संध्याकाळपर्यंत मुलाच्या गावाला गेल्या असत्या. मी पेला घेतला. कोमट, खारट-गोड, घशाखाली जाताना अंगावर काटा आला, तरी प्यायले. सगळा प्यायले. “मीच होते, काकी,” मी म्हटलं. “दोन्ही वेळा मीच.” आणि माझे डोळे वाहायला लागले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तोच फोटोतला हात, खरबरीत, फिनेलचा वास येणारा.

“होतं गं असं. त्यात रडण्यासारखं काय आहे,” त्या म्हणाल्या आणि पेला पुन्हा भरायला उठल्या. “आता घरी जाऊन नीज. आणि उद्या कामाला येऊ नकोस, तुझं सगळं मी बघते.”